तिकिटावरचे तास

गेल्या पंधरवड्यात दांडिया बाजारातील आमच्या परिचयाच्या एक काकू विमानाच्या तिकिटाचा कागद घेऊन आमच्याकडे आल्या. धाकटी लेक न्यूयॉर्कला; तिच्या बाळंतपणासाठी त्या प्रथमच विमानात बसणार. मुंबईहून रात्री १ वाजता निघून न्यूयॉर्कला त्याच दिवशी सकाळी ७.३० वाजता पोहोचणे, असे कागदावर छापलेले.

"म्हणजे साडेसहाच तास की हो! आपल्या इंदूरच्या गाडीलाही तेवढे लागतात," काकू निर्धास्तपणे म्हणाल्या. त्यांना मधुमेह आहे व इन्शुलिन दोन वेळा घ्यावे लागते. तथापि साडेसहा तासांचाच प्रश्न म्हणून औषधांची पेटी मोठ्या सामानात देऊन टाकण्याचे त्यांनी योजले होते.

आम्ही परतीचा कागद मागितला. न्यूयॉर्कहून सकाळी ११ वाजता निघून मुंबईस दुसऱ्या दिवशी सकाळी १०.३० वाजता. म्हणजे साडेतेवीस तास! वाट तीच, मग हा फरक कसा?

वाचकहो, तिकिटावर प्रत्येक गावाची वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते. न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्यामागे उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास चालते. जाताना घड्याळ जेवढे तास लपवते, तेवढेच येताना वाढवून दाखवते. म्हणून दोन्ही आकड्यांची बेरीज मात्र खरी : ३० तास. वस्तुतः जाताना सुमारे १६ आणि येताना १४ तास लागतात. कारण उंचावरचे वेगवान वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात.

अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून पाहिला, तर हा जवळचा मार्ग सरळ पश्चिमेस न जाता बराच उत्तरेकडून जातो, हे मुलांनाही दाखविता येईल. अर्थात आकाशातही वाटा अडतात. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमानांना बंद केले, तेव्हा पश्चिमेकडे जाणाऱ्या कित्येक विमानांना वळसा घ्यावा लागला.

१८८७ मध्ये श्रीमंत सयाजीराव महाराज प्रथम युरोपास गेले, ते आगबोटीने. त्या प्रवासात घड्याळ रोज थोडे थोडे मागे सरे आणि शरीरही त्याबरोबर चाले. विमानात ती सवड मिळत नाही. म्हणून औषध घेणाऱ्यांनी भिंतीवरचे घड्याळ न पाहता मधल्या खऱ्या तासांचा हिशेब डॉक्टरांपुढे ठेवावा आणि मात्रांच्या वेळा त्यांच्याकडूनच लिहून घ्याव्यात. इन्शुलिन हातपिशवीतच असावे. खालच्या सामानात ते गोठून निकामी होण्याचा संभव असतो.

काकू परवा डॉक्टरांकडे जाऊन आल्या. हातपिशवीत आता इन्शुलिन, डॉक्टरांची चिठ्ठी आणि डिंकाच्या लाडवांचा डबा आहे. लाडू लेकीसाठी आहेत, हे मात्र त्यांनी आम्हांस दोनदा बजावून सांगितले.