करवलीचा आहेर आणि कारागिराची कार्यशाळा



करवल्यांना द्यायचे चांदीचे दागिने हुपरीसारख्या गावातील कारागिराकडे जाऊन घडवून घेणे म्हणजे शुद्धतेची हमी सोडणे होय, हे गेल्या अंकातील एका पत्रातील विधान अपुऱ्या माहितीवर आधारलेले आहे. हॉलमार्क, म्हणजे मान्यताप्राप्त केंद्रात कस तपासून उमटवलेली भारतीय मानक ब्युरोची मुद्रा, सोन्यासाठी १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. चांदीवर मात्र तशी सक्ती त्या वेळी आली नाही, त्यामुळे केवळ पेढी मोठी आहे म्हणून तेथील चांदी मुद्रांकित असेलच असे मानता येत नाही.

शुद्ध चांदी मऊ असल्याने तिच्यात बहुधा तांबे मिसळतात आणि हजार भागांत ९२५ भाग चांदी असल्यास तो कस ९२५ मानला जातो. परंतु पैंजणाच्या कड्या जोडणारा डाग, म्हणजे कमी तापमानाला वितळणारा जोडधातू, सहसा याहून हलक्या कसाचा असतो, म्हणून जितके जोड अधिक तितका संपूर्ण नगाचा कस उतरण्याचा संभव अधिक. पेढीच्या काचेआड न दिसणारी ही गोष्ट कार्यशाळेत प्रत्यक्ष पाहता येते, त्याविषयी कारागिराला विचारता येते, वजन आणि मजुरी स्वतंत्रपणे लिहून घेता येते, आणि शंका उरल्यास एखादा नग तपासणीसाठी देता येतो. हातकणंगले तालुक्यातील हुपरीचे नाव ज्यांच्या पैंजणांमुळे झाले, त्या कारागिरांना पुराव्याविना अविश्वासू ठरवणे हा उघड अन्याय आहे.