रसपरित्यागात साखरही येते



मधुमेहाचा विषय निघाला की आमच्या साखऱ्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं, "आम्ही दिवस मावळायच्या आत जेवतो, अंगानंही बारीक आहोत, आम्हाला कशाची शुगर?"

बारीक अंगाचा भरवसा धरू नका. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या आया आणि बाळांचा अभ्यास केला. तिथली बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा बरीच हलकी होती, पण स्नायू कमी आणि चरबी मात्र त्या मानानं टिकून. म्हणून वजनापेक्षा कंबर मोजा. ती ८० सेंटीमीटरच्या वर असेल, आईवडिलांना मधुमेह असेल किंवा गरोदरपणी साखर वाढली असेल, तर तपासणी कराच. तिशीनंतर ती सरकारी आरोग्य केंद्रातही होते. उपाशीपोटी १०० ते १२५ आली तर ती धोक्याची सूचना. १२६ किंवा त्याहून जास्त आली तर डॉक्टरांकडून पुन्हा तपासून घ्या.

रात्रिभोजनाचा त्याग चांगलाच. पण दिवसभर चार कप गोड चहा, मध्ये शेव-चिवडा आणि सूर्यास्ताच्या घाईत ताटभर भात, यानं साखर कशी आवरेल? आपल्या बाह्य तपांत अनशनाबरोबर अवमौदर्य आणि रसपरित्यागही सांगितले आहेत. कुणी रविवारी मीठ सोडतं, कुणी तूप सोडतं. चहातली साखर मात्र कुणी सोडत नाही. मला वाटतं, आज आपल्या घरांना याच त्यागाची जास्त गरज आहे. अष्टमी-चतुर्दशीपासून सुरुवात करा, मग रोज. चार घास कमी जेवा, ताटात भाजी-वरण जास्त आणि भात-पोळी कमी घ्या. लवकर जेवल्यावर हाताशी वेळ उरतो, तेव्हा मंदिरापर्यंत पायी जाऊन या.

ज्यांना गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास किंवा एकाशन धरू नये. दशलक्षणात घरच्यांपासून लपवून तर मुळीच नाही. हातपाय थरथरले, घाम फुटला, तर लगेच साखर-पाणी घ्या, मग दिवस असो की रात्र. सासूबाईंनी किंवा जावेनं त्यावरून बोल लावू नये. अनशन झेपत नसेल तर रसत्याग करा. तेही तपच आहे, आणि ते वर्षभर चालतं.