चुली दोन नगरींच्या, मुदपाकखाना एकच

गोकुळाष्टमीच्या उपवासाच्या दिवशी उपाहारगृहांची चर्चा करावी, हे श्रद्धाळू वाचकांस कदाचित विपरीत वाटेल. परंतु ज्याच्या जन्मोत्सवासाठी आपण उपोषित राहतो, तो देव लोणी चोरणारा आणि सवंगड्यांच्या शिदोऱ्या एकत्र कालविणारा आहे. अन्नाचा विषय त्याला परका नाही. शिवाय ज्या वादाविषयी आम्ही लिहीत आहोत, त्याचे मूळ त्याच्याच एका मंदिराजवळ सापडते.

चेन्नई आणि बंगळुरू येथील खवय्यांचा वाद जुना आहे. बंगळुरूकराने गांधी बाजारातील 'विद्यार्थी भवन'च्या जाड, खरपूस डोशाची थोरवी गावी आणि चेन्नईकराने 'वुडलँड्स'चे नाव काढून, सांबारात गूळ घालणाऱ्यांनी चवीच्या गोष्टी सांगू नयेत असे सुनवावे, हा नित्याचा क्रम. 'एमटीआर'चा अभिमानी रवा इडलीचा दाखला देतो. दुसऱ्या महायुद्धात तांदळाची टंचाई झाली, तेव्हा ती तेथे जन्मास आली असे सांगतात. त्यावर चेन्नईकर वाफाळलेल्या कॉफीचा पेला पुढे करतो. माटुंग्यात दाक्षिणात्य उपाहारगृहांचा शेजार लाभलेले आम्ही मुंबईकर मग पंचाची भूमिका घेतो.

परंतु या उपाहारगृहांच्या संस्थापकांची गावे पाहिली, तर हा वाद भावाभावांचा ठरतो. 'एमटीआर' १९२४ साली मैय्या बंधूंनी काढले, ते उडुपीच्या परिसरातून आलेले. १९४३ सालचे 'विद्यार्थी भवन' त्याच भागातील माणसाने उभारले. मद्रासेत १९३८ साली 'वुडलँड्स' सुरू करणारे के. कृष्णराव हेही उडुपीजवळच्या खेड्यातले. दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरांत पडेल ते काम करून ते वर आले. आमच्या माटुंग्यात १९४२ पासून पंगती वाढणाऱ्या रामा नायकांच्या भोजनगृहाच्या नावातही 'उडिपी श्रीकृष्ण' आहेच.

मध्वाचार्यांनी तेराव्या शतकात स्थापिलेल्या उडुपीच्या श्रीकृष्णाची पूजा आठ मठांकडे दोन दोन वर्षांच्या पाळीने जाते आणि अन्नदान हे त्या सेवेचे प्रधान अंग मानले जाते. तिरुपती कांचनब्रह्म, पंढरी नादब्रह्म आणि उडुपी अन्नब्रह्म, असे कर्नाटकातील भाविक म्हणतात. चातुर्मासात एक महिना भाज्या, एक महिना दही, एक महिना दूध आणि एक महिना द्विदल धान्ये वर्ज्य करून रांधण्याची तेथील रीत. निषेधाच्या चौकटीत राहून रुची साधणारे हात त्या भूमीत घडले.

त्याच मंदिरात 'कनकन किंडी' नावाची खिडकी आहे. आख्यायिका अशी की, धनगर समाजातील संत कनकदासांना आत प्रवेश मिळाला नाही. ते बाहेर उभे राहून आळवू लागले, तेव्हा भिंतीला भेग पडली आणि देव त्यांच्याकडे, पश्चिमेस वळला. आजही मूर्ती पश्चिमाभिमुखच आहे.

जेथे देव बाहेरच्याकडे वळला, तेथील अन्नही पुढे बाहेर आले, ही गोष्ट आम्हांस अर्थपूर्ण वाटते. अर्थात ते एका दिवसात सर्वांचे झाले नाही. 'एमटीआर'चे पहिले नाव 'ब्राह्मिन कॉफी क्लब' असे होते. मद्रासेतील उपाहारगृहांत एके काळी ब्राह्मणांची बसण्याची जागा निराळी असे. तेथील ट्रिप्लिकेन भागातल्या एका उपाहारगृहाच्या पाटीवरून 'ब्राह्मण' हा शब्द जावा, म्हणून पेरियार ई. व्ही. रामस्वामी यांच्या अनुयायांना १९५७ साली चळवळ करावी लागली. आज मात्र त्या मेजांवर शेजारी कोण बसला आहे, त्याची जात कोणती, असे कोणी विचारीत नाही.

बाहेरच्या अन्नाने सोवळे मोडते, अशी खंत आपल्या घरांतील वडीलधारी मंडळी करीत. शुचितेचा त्यांचा आग्रह आम्हांस आदरणीयच वाटतो. स्वच्छ हात आणि ताजे अन्न यांविना स्वयंपाकघराला पावित्र्य नाही. परंतु शुचिता अन्नाची पाहावी, शेजारी बसणाऱ्या माणसाची नव्हे. आमच्या मते श्रेष्ठ उपाहारगृहाची पहिली कसोटी हीच. सांबार गोड की आंबट हा प्रश्न त्यानंतरचा, आणि तो ज्याने त्याने आपल्या जिभेला विचारावा.

उद्या गोपाळकाला. पेंद्याच्या शिदोरीत काय होते आणि सुदाम्याच्या शिदोरीत काय, हे काला झाल्यावर कोणास सांगता आले असते? ज्या घरांतून तो वाटला जाईल, त्यांनी दारावरून जाणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर तो घालावा. घरची मोलकरीण, कचरा नेणारा माणूस, सोसायटीचा पहारेकरी यांच्यासाठी वेगळी वाटी काढू नये.