चिकूच्या माहेरी

मंडळी, दारचा चिकू आपल्याला अगदी घरचा वाटतो. पण त्याचे माहेर सातासमुद्रापलीकडे आहे. आज तिकडेच जाऊ या.

मध्य अमेरिकेत ग्वाटेमाला नावाचा देश आहे. त्याच्या उत्तरेला पेतेन हा उष्ण, दाट रानाचा मुलूख. त्या रानात तिकाल हे माया लोकांचे जुने नगर आहे. तेथे भल्या पहाटे जावे. अंधारात अशी डरकाळी उठते, की वाघच आला म्हणावे. पण ओरडत असते ते हाउलर जातीचे माकड! उजाडले की झाडांच्या शेंड्यांवर दगडी देवळांची शिखरे दिसू लागतात. सर्वांत उंच देऊळ सुमारे ६५ मीटरचे. देवळांच्या दारांवर चिकूच्या लाकडाच्या कोरीव तुळया बसवल्या होत्या. त्यांतल्या काही बाराशे वर्षांनंतरही शाबूत आहेत.

पण आपण शेतकरी. आपण देवळांइतकेच तेथले पाणी पाहावे. तिकालजवळ नदी नाही. जमीन चुनखडीची, पाणी झिरपून खोल जाते. पावसाळ्यात धो धो पाऊस आणि पुढे कित्येक महिने कोरडे. म्हणून मायांनी फरसबंद चौकांना उतार दिला आणि पावसाचे पाणी तलावांत घेतले. एका तलावात तर पाणी गाळण्यासाठी खास खनिज आणि जाड वाळू आणून घातली होती, असे संशोधकांनी २०२० साली दाखवून दिले.

मग असे नगर ओस का पडले? कारणे अनेक, पण नवव्या शतकात मोठे दुष्काळ पडले आणि त्याच सुमारास राजवाड्याजवळचे तलावही नासले. त्यांच्या गाळात विषारी शेवाळाच्या खुणा आणि पारा सापडला. भिंतींना लावलेला हिंगुळाचा तांबडा रंग पावसाने धुऊन तलावात उतरत असावा, असे संशोधक म्हणतात. रंग शोभेचा, पण पाण्यात विष!

नगर ओस पडले तरी माया लोक संपले नाहीत. आजही ते मक्यात घेवडा आणि भोपळा लावतात, मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, वाटून त्याच्या भाकरी करतात.

तेव्हा बंधू-भगिनींनो, पाणी अडवले म्हणजे निम्मे काम झाले. पहिला पाऊस पडण्यापूर्वी आपल्या विहिरीच्या, शेततळ्याच्या वरच्या अंगाला एक फेरी मारा. उकिरडा, गोठ्याचे सांडपाणी, औषधाचे रिकामे डबे तेथे असतील, तर आधी ते हलवा.