दोन दिवस राहणारा पाहुणा

शिर्डीहून शनिशिंगणापूरला आणि तिथून पुण्याकडं, नाहीतर उलट्या दिशेनं वेरूळकडं जाणाऱ्या गाड्या रोज नगरवरून धावतात. त्या इथं चहापुरत्या थांबतात, डिझेल भरतात आणि निघून जातात. कागदोपत्री शहराचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे, बोलण्यात ते अजून नगरच आहे. नाव कोणतंही घ्या, प्रवाशांच्या लेखी हे ओलांडून जायचं गाव आहे.

या गर्दीत एखादा माणूस मात्र मुद्दाम नगरसाठी येतो. पाठीवर भली मोठी पिशवी, हातात मोबाईलवरचा नकाशा, सोबत कुणी नाही. माळीवाडा स्टँडवर उतरतो आणि पहिल्या दिसलेल्या रिक्षावाल्याला विचारतो, ‘यहाँ देखने लायक क्या है?’ उत्तर ठरलेलं असतं. ‘इधर क्या है? कुछ नहीं. शिर्डी जाव.’

या उत्तराबद्दल मला लिहायचं आहे. ते रिक्षावाल्याचं एकट्याचं नाही. शिक्षक, दुकानदार, नगरसेवक, मौलाना, पत्रकार, आपण सगळ्यांनी मिळून त्याच्या तोंडी घातलेलं ते उत्तर आहे. आणि त्याची किंमत शहर मोजत आहे.

बसमधून येणारा पन्नास जणांचा गट हायवेवरच्या एका हॉटेलात जेवतो आणि जातो. त्यातून गावाला फारसं काही मिळत नाही. एकटा फिरणारा माणूस वेगळा. तो कमी पैशांत फिरतो हे खरं, पण ते पैसे कापड बाजारातल्या चहावाल्याला, शेअर रिक्षाला, खानावळीला, छोट्या लॉजला मिळतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो प्रश्न विचारतो. सोबत कुणी नसल्यामुळं त्याला गावाशीच बोलावं लागतं. मोरोक्कोतल्या टँजिअरहून १३२५ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी एकटाच निघालेला इब्न बतूता पुढं आपल्या दौलताबादेपर्यंत पोहोचला. चौदाव्या शतकातला दखन समजून घ्यायला आज त्याच्या प्रवासवर्णनाचा आधार घ्यावा लागतो. गावाला भेटलेल्या माणसांवरून तो गावाबद्दल लिहीत गेला. आजचा पाठपिशवीवालाही तेच करतो, फक्त तो मोबाईलवर लिहितो.

आता दोन दिवसांत तो नगरात काय पाहू शकतो ते बघू. मलिक अहमद निजामशाहानं १४९० मध्ये बहमनी सैन्याला इथं हरवलं आणि त्याच जागी शहर वसवायला घेतलं. सीना नदीच्या काठी बागरोजा इथं काळ्या दगडात त्याची कबर आहे. भुईकोट किल्ला आधी मातीचा होता. हुसेन निजामशाहानं १५५९ ते १५६२ या काळात तो दगडात बांधून काढला. तो लष्कराच्या ताब्यात असल्यामुळं जाताना ओळखपत्र सोबत ठेवावं लागतं, एवढंच. किल्ल्याजवळच दमडी मशीद आहे. आकारानं लहान, पण दगडावरची नक्षी अशी की नजर हटत नाही. किल्ल्यावर राबणाऱ्या मजुरांनी मजुरीतली एकेक दमडी बाजूला काढून ती उभी केली, अशी कथा सांगतात. सोलापूर रस्त्यावर तलावाच्या मधोमध बांधलेला फराहबाग आहे. भिंगारला, १७०७ मध्ये औरंगजेबानं जिथं अखेरचा श्वास घेतला, ती जागा आहे. शहराबाहेर पाथर्डी रस्त्यावर सुमारे १३ किलोमीटरवर, शाह डोंगराच्या माथ्यावर तीन मजली अष्टकोनी इमारत उभी आहे. शिवाय बारा इमाम कोटला, दर्गा दायरा, भिंगारचं रणगाडा संग्रहालय. दोन दिवस अपुरे पडतील.

उर्दू शिकवणारी म्हणून मी यात एक भर घालते. १९४२ च्या ऑगस्टमध्ये काँग्रेस कार्यकारिणीचे नेते याच किल्ल्यात डांबले गेले. नेहरूंनी इथं ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं, हे बहुतेकांना माहीत असतं. त्याच कैदेत मौलाना आझादांनी ‘गुबारे खातिर’ लिहिलं. पोस्टात न पडलेली ही पत्रं. त्यात चहाची आवड आहे, खोलीत घरटं करणाऱ्या चिमण्यांशी झालेली लढाई आणि मग दोस्ती आहे. १९४३ मध्ये कलकत्त्यात पत्नी झुलेखा बेगम वारल्या, ते दुःखही त्यात आहे. लखनौपासून लाहोरपर्यंत उर्दू वाचणाऱ्या माणसाला ‘किला अहमदनगर’ हे शब्द या पुस्तकामुळं ओळखीचे आहेत. त्या किल्ल्यापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या आमच्या मुलांना मात्र चिमण्यांची गोष्ट ठाऊक नाही.

मागच्या डिसेंबरात केरळचा एक तरुण आमच्या शाळेच्या फाटकाशी आला. विजापूर, गुलबर्गा, बीदर करून तो एकटाच नगरला पोहोचला होता. आठवीच्या मुलांना त्यानं मोडक्या हिंदीत दमडी मशिदीचा रस्ता विचारला. मुलांनी बिनचूक सांगितला. एकानं पाण्याची बाटली भरून आणून दिली, दुसरा सायकलवरून वाट दाखवायला निघाला. मग त्यानं विचारलं, ‘किसने बनाया?’ मुलं एकमेकांकडं बघायला लागली. शेवटी एक जण म्हणाला, ‘मालूम नहीं, पुरानी है.’ पाहुणचारात काही कमी नव्हतं. कमी होती ती उत्तराची. ताजमहाल कुणी बांधला हे याच मुलांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. साहिर खान नावाच्या सरदारानं १५६७ च्या सुमारास आपल्या गावात काय बांधलं, हे त्यांच्यापर्यंत कुणी पोहोचवलेलं नाही.

बी.एड.ला आम्ही सगळ्यांनी एक सूत्र पाठ केलेलं आहे: ज्ञाताकडून अज्ञाताकडं. शिकवताना गाडी उलटी चालते. सहलीच्या एसटी रायगडला, महाबळेश्वरला जातात. जायलाच हव्यात. पण ज्या तटाच्या सावलीत मुलं क्रिकेट खेळतात, त्या तटाचा तास कुठल्याच वेळापत्रकात नाही.

उत्तर नसलं की चुकीचं उत्तर जागा घेतं. शाह डोंगरावरच्या त्या इमारतीला गावात सगळे ‘चांदबीबी महाल’ म्हणतात. रस्त्यावरच्या पाट्या तेच म्हणतात, रिक्षावालेही तेच. प्रत्यक्षात ती सलाबतखानाची कबर आहे. मुर्तजा निजामशाहाचा हा वजीर. फराहबागचं काम त्यानं १५८३ मध्ये पुरं केलं, शहराच्या पाणीव्यवस्थेत त्याचा मोठा वाटा होता. कापूरवाडीसारख्या लांबच्या ठिकाणांहून खापरी नळांतून शहरात पाणी खेळवण्याची निजामशाहीतली ती व्यवस्था होती. आज आपण टँकरची वाट बघतो, तेव्हा तरी या माणसाचं नाव आठवायला हवं होतं. त्याच्या कबरीवरून त्याचंच नाव पुसलं गेलं आणि कुणाला त्याचं काही वाटलं नाही. चांदबीबी आपल्या सगळ्यांची लाडकी, म्हणून तिला महाल देऊन टाकला. तिचं खरं स्मारक शहरातच आहे. १५९६ मध्ये शहजादा मुरादच्या सैन्यानं सुरुंग लावून भुईकोटाच्या तटाला खिंडार पाडलं, तेव्हा तलवार घेऊन त्या खिंडारात ती उभी राहिली आणि रातोरात तट बांधून घेतला. ती जागा दाखवायला आपल्याकडं माणूस नाही.

असं का झालं? एक कारण सगळ्यांना माहीत आहे, फक्त उघड बोललं जात नाही. या वास्तू ‘त्यांच्या’ आहेत असं अर्ध्या गावाला वाटतं. उरलेल्या अर्ध्यांतल्या बऱ्याच जणांना त्या फक्त ‘आमच्या’ वाटतात, आणि तेही उरुसापुरत्या किंवा वाद झाला की तेवढ्यापुरत्या. दोन्ही बाजू इतिहासाकडं पाठ फिरवून उभ्या आहेत. अहमदचा बाप मलिक हसन हा मूळ पाथरीच्या ब्राह्मण घराण्यातला, ही माहिती जुन्या तवारिखांमध्ये आहे. मालोजीराजे भोसल्यांनी नगरच्या शाह शरीफ पिराला नवस केला आणि मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, ही परंपरा मराठी घराघरात सांगितली जाते. त्या पिराचा दर्गा आजही याच शहरात आहे. पुढं १६२४ मध्ये भातवडीला, नगरपासून थोड्याच अंतरावर, मलिक अंबरच्या बाजूनं शहाजीराजे लढले आणि शरीफजी तिथं कामी आले. ‘योगसंग्राम’ लिहिणारे संत शेख महंमद श्रीगोंद्याचे, म्हणजे याच जिल्ह्याचे. हा इतिहास कापून वाटून घेता येत नाही. वाटायला गेलं की ज्याच्या त्याच्या हातात नुसते दगड राहतात.

आमच्यातले काही बुजुर्ग म्हणतात, मशीद आणि दर्गा ही इबादतीची जागा आहे, लोकांनी फोटो काढत फिरायची नाही. त्यांची काळजी मी समजू शकते. रील काढायला आलेल्या पोरांनी कुठं कुठं काय केलं आहे, हे मीही पाहिलं आहे. पण अदब शिकवता येते. चपला कुठं काढायच्या, नमाजच्या वेळी कुठं थांबायचं, हे दारात लिहून लावता येतं. ज्या वास्तूत कुणी येत नाही, तिथं दारूच्या बाटल्या आणि जुगाराचे डाव येतात, हेही आपण पाहतोच. राखणदार नसेल तिथं पाहुणा हीच राखण असते.

दुर्लक्षाची किंमत काय? २०१४ पासून युनेस्कोच्या प्राथमिक यादीत ‘दखनच्या सुलतानशाहीची स्मारकं आणि किल्ले’ असा एक प्रस्ताव आहे. त्यात गुलबर्गा आहे, बीदर आहे, विजापूर आहे, हैदराबाद आहे. नगर नाही. पाच शाह्यांमधली एक अख्खी राजधानी त्या यादीत नाही. विजापूरच्या शेरजा बुरुजावर जी मलिक-ए-मैदान तोफ बघायला लोक रांग लावतात, ती १५४९ मध्ये नगरात ओतली गेली. तिचं गाव मात्र पाहुण्याला ‘कुछ नहीं’ म्हणून परत पाठवतं. २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात गेले, याचा आनंद मलाही झाला. त्यातला शिवनेरी मलिक अहमदच्या राजवटीची सुरुवात पाहिलेला किल्ला आहे. एका गडाची मान्यता शेजारच्या शहरालाही उजेड देऊ शकते, शहराला तो हवा असला तर.

आणखी एक गोष्ट बोलायलाच हवी. एकटा फिरणारा पाहुणा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पुरुष येतो. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीची मैत्रीण पुण्याहून दोन दिवस नगर पाहायला एकटी आली होती. तीन लॉजवर तिला ‘लेडीज सिंगल नहीं देते’ हे ऐकावं लागलं. रात्रीच्या बसनं ती परत गेली. माझ्या वर्गातल्या मुलींचंही तेच. चांदबीबीवर त्या सुंदर निबंध लिहितात, पण चांदबीबीच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या त्या डोंगरावर त्यांना भाऊ किंवा अब्बा सोबत असल्याशिवाय जाता येत नाही. मी आई आहे, त्यामुळं भीती मला कळते. पण मुलींना घरात ठेवणं हा त्यावर इलाज नाही. डोंगरावर एक चौकीदार, एक स्वच्छतागृह आणि संध्याकाळची शेवटची बस, हा इलाज आहे.

आता नावाकडं येते. शहराचं नाव बदललं तेव्हा बरीच चर्चा झाली, भावना दुखावल्या, आनंदही साजरा झाला. त्या वादात मला शिरायचं नाही. अहिल्यादेवी याच जिल्ह्यातल्या चौंडीच्या, १७२५ च्या जन्माच्या. त्यांनी देशभर काय बांधलं ते आठवून पाहा. घाट, विहिरी, अन्नछत्रं आणि धर्मशाळा. कोण कुठला, कुणासोबत आला हे न विचारता दमलेल्या वाटसरूला टेकायला जागा मिळावी, म्हणून राज्यकर्त्या बाईनं आपला पैसा खर्च केला. इस्लाममध्येही जकातीचे जे आठ हक्कदार सांगितले आहेत, त्यांत मुसाफिर आहे. तो घरी कितीही श्रीमंत असो, वाटेवर त्याचा हक्क आहे. म्हणजे जुन्या नावाकडून बघा किंवा नव्या, एकट्या वाटसरूला रिकाम्या हातानं परत पाठवणं या शहराला शोभत नाही. अहिल्यादेवींचं नाव लावलेल्या शहरात एकट्या बाईला खोली मिळू नये, ही तर सरळ लाजेची गोष्ट आहे.

माझ्या मागण्या फार मोठ्या नाहीत. प्रत्येक वास्तूपाशी मराठी, उर्दू, हिंदीत खरं नाव आणि वर्ष सांगणारी पाटी लावा. सलाबतखानाला त्याची कबर परत द्या. तिन्ही बसस्टँडवर दोन दिवसांच्या फेरीचा एक मोठा नकाशा लावा. एकट्या बाईला खोली देणाऱ्या स्वच्छ लॉजची यादी पालिकेनं तिथंच चिकटवावी. आणि शहरातल्या प्रत्येक शाळेनं, मराठी असो की उर्दू, एक वास्तू दत्तक घ्यावी. उर्दू शाळेनं बागरोजाच घ्यावा असं काही नाही. तिनं ह्यूम चर्चची माहिती गोळा करावी, मराठी शाळेनं दमडी मशिदीची. रविवारी दोन-दोन मुलं तिथं थांबतील आणि येणाऱ्याला पाच मिनिटं माहिती सांगतील.

यातल्या शेवटच्या कामाला सरकारी मंजुरी लागत नाही, निधी लागत नाही. आठवीच्या मुलांनी ते सुरू केलं आहे. त्यांच्या वहीत सध्या सहा वास्तूंची उत्तरं तयार आहेत, दोन भाषांत. तुमच्या शाळेची वास्तू कोणती, तेवढं कळवा.