गुप्तधन, पण दिवसाढवळ्या

गुप्तधन म्हटलं की आपल्या मोताळ्याकडे लिंबू, हळद-कुंकू नि रात्रीची कुदळ आठवते. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने त्यातल्या अघोरी प्रकारांना चाप लावला, बरंच झालं. अमेरिकेतल्या बायरन प्राइस यांनी मात्र धन पुरलं ते डोकं खाजवणाऱ्यांसाठी. त्यांच्या 1982 च्या ‘द सीक्रेट’ या पुस्तकात 12 चित्रं नि 12 कविता. जोडी जुळली की शहर कळायचं, मग बाग, मग नेमकी जागा. जमिनीत पेटी, पेटीत किल्ली, किल्लीच्या बदल्यात रत्न! शिकागोची पेटी 1983 मध्ये निघाली, क्लीव्हलँडची 2004 मध्ये, बोस्टनची थेट 2019 मध्ये, तीही मैदानाचं काम चालू असताना. उरलेली उत्तरं जाहीर न करताच प्राइस 2005 मध्ये अपघातात गेले. या अंकात आमचीही चित्रकोडी आहेत. कुदळ लागणार नाही, पेन्सिल पुरे.