लेव्हीचा न्याय मुक्त सॉफ्टवेअरलाही हवा

ठाण्याहून जुन्या आग्रा रस्त्याने कशेळीची खाडी ओलांडली की काल्हेर लागते. भिवंडी तालुक्याच्या या पट्ट्यात आज गोदामांच्या रांगा उभ्या आहेत. तेथील माल दोन प्रकारच्या श्रमांवर हलतो. हमालाचे श्रम डोळ्यांना दिसतात, दुसरे दिसत नाहीत. खोक्यांवरील बारकोड वाचणारी हातातली नवी यंत्रे बहुधा अँड्रॉइडवर चालतात; अँड्रॉइडचा गाभा लिनक्सचा आहे; आणि साठ्याचा हिशेब ठेवणारे दूरवरचे संगणकही बहुतांशी लिनक्सवरच चालतात. लिनक्स ही कोणा एका भांडवलदाराची मालमत्ता नव्हे. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने तिचा आरंभ केला आणि जगभरच्या हजारो हातांनी ती वाढविली.

अशा सॉफ्टवेअरला मुक्त म्हणतात. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी या चळवळीची घोषणा केली, तेव्हापासून मुक्त याचा अर्थ फुकट असा नव्हे. वापरण्याचे, अभ्यासण्याचे, बदलण्याचे व इतरांना देण्याचे स्वातंत्र्य, हा त्याचा अर्थ. ज्ञान ही समाजाची सामायिक संपत्ती आहे, हे तत्त्व येथे प्रत्यक्षात उतरले आहे. परंतु सामायिक विहिरीचे पाणी सर्वांनी भरावे आणि गाळ मात्र एकट्याने उपसावा, अशी स्थिती झाली तर ते तत्त्व किती काळ टिकेल?

स्थिती आज तशीच आहे. जगातील असंख्य आर्थिक व्यवहार ज्या ओपनएसएसएल या आज्ञावलीच्या कुलपात सुरक्षित मानले जात, तिच्यात २०१४ साली मोठे भगदाड आढळले. तेव्हा असे उघड झाले की, तिची पूर्णवेळ देखभाल करणारा माणूस जेमतेम एक होता आणि देणग्या वर्षाला सुमारे दोन हजार डॉलरच्या होत्या. २०२४ साली एक्सझेड या छोट्या आज्ञावलीबाबत तर घातपातच उघडकीस आला. ती सांभाळणारा विनावेतन, एकटा व थकलेला होता. मदतीच्या मिषाने कोणी अज्ञाताने दोनेक वर्षे त्याचा विश्वास संपादन केला आणि चोरदरवाजा बसविला. एका दक्ष अभियंत्याच्या नजरेस तो योगायोगाने आला, म्हणून अनर्थ टळला.

या कामावर उपजीविका होतच नाही, असे नव्हे. ईआरपीनेक्स्ट हे हिशेब व साठा सांभाळणारे सॉफ्टवेअर मुंबईची फ्रॅपे ही कंपनी सर्वांना खुले ठेवते आणि ते चालवून देण्याच्या व साहाय्याच्या सेवेवर उत्पन्न मिळविते. लिनक्सच्या गाभ्यावर काम करणारे बहुतेक जण आज कंपन्यांचे पगारदार आहेत. परंतु ज्याला ग्राहकच नाही, जे इतर सॉफ्टवेअरच्या पोटात दडलेले असते, त्या पायाच्या कामाला या वाटेने भाकरी मिळत नाही. ते सर्वांचे काम असते. म्हणूनच त्याचा मालक कोणी नसतो.

महाराष्ट्राच्या कामगार चळवळीला हा पेच नवा नाही. हमाल एका दिवसात अनेक व्यापाऱ्यांचा माल वाहत असे आणि त्याची जबाबदारी घ्यावयास एकही व्यापारी तयार नसे. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील लढ्यातून १९६९ साली माथाडी कायदा झाला. मालक अनेक असले तरी मंडळ एक असावे, प्रत्येकाने मजुरीबरोबर लेव्ही तेथे भरावी आणि त्यातून कामगाराला भविष्यनिर्वाह निधी, रजा व औषधपाणी मिळावे, ही त्याची रचना. हमालाला जे मिळाले ते दान नव्हे, हक्क म्हणून मिळाले.

मुक्त सॉफ्टवेअरला आज दान मिळते. झिरोधा कंपनीने २०२४ साली वर्षाला दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला, ही चांगली गोष्ट आहे. पण दान दात्याच्या मर्जीवर थांबते. जर्मनीने २०२२ साली सरकारी तिजोरीतून सॉव्हरिन टेक फंड उभारला, तो मार्ग अधिक भक्कम आहे. भारत सरकारनेही २०१५ साली मुक्त सॉफ्टवेअर वापरण्याचे धोरण स्वीकारले. ते घडविणाऱ्यांच्या पोटाचा विचार मात्र राहून गेला.

वापरणाऱ्यावर सक्तीचा आकार बसविला तर सॉफ्टवेअर मुक्त राहणार नाही, असा आक्षेप घेतला जाईल. तो रास्त आहे. म्हणूनच लेव्ही परवान्यात नको, ती सार्वजनिक कायद्यात हवी. शाळेला, सहकारी संस्थेला, एकट्या कारागिराला ती लागू नये. मुक्त सॉफ्टवेअरच्या जोरावर अफाट उलाढाल करणाऱ्या कंपन्यांना लागावी. संगणकीकरणाच्या सरकारी कंत्राटांतील ठराविक वाटा अशा मंडळाकडे वळवून आरंभ करता येईल, आणि त्या मंडळावर आज्ञावली लिहिणाऱ्यांचे प्रतिनिधी असले पाहिजेत.

संगणकावरचा माणूस सुशिक्षित आहे, त्याचा हमालाशी काय संबंध, असे कार्यकर्त्यांनी म्हणू नये. कंत्राटदारामार्फत माणसे लावून माथाडी कायदा टाळू पाहणारे भांडवल आणि विनावेतन श्रमांवर कारभार उभारणारे भांडवल यांचा हिशेब एकच आहे : काम घ्यावे, जबाबदारी घेऊ नये. दोन्ही श्रम एकाच गोदामात राबतात, तेव्हा लेव्हीची मागणीही दोघांची मिळून झाली पाहिजे.